प्रेमिलाचा तिसरा हात

रामदासपेठ, नागपूर
६ जानेवारी २०२६

ति. इंदुताईस,
प्रेमिलाचा सविनय जयभीम. वि. वि. इकडे सारे खुशाल. तुले फोनवर धड ऐकू येत नाही, म्हणून पत्रच लिहून राहिली.

रोशनीने उपद्व्याप केला. माझा साधा उभा फोटो एआयले दिला आणि त्याने मले नाचवलं. व्हिडिओत मी गरगर फिरते, बसल्या जागेवरून उडी मारते. मधेच एक तिसरा हात निघतो अन् पदराआड जातो. पोरीने गंमत म्हणून तो होणाऱ्या सासरी पाठवला. कामठीच्या विहीणबाई सिंधूताईंले तो खराच वाटला. त्यांचा फोन आला, की साक्षगंधाले, अंगठ्या घालून झाल्या की, आपण दोघी विहिणी सोबत नाचू. मी हो म्हणून बसली. आता खरं सांगावं, तर पोर लग्नाआधीच खोटारडी ठरते. काय करू?

तुझी,
प्रेमिला


खापा
१४ जानेवारी २०२६

चि. प्रेमिलास,
अनेक आशीर्वाद. रोशनीने शेजारच्या मिनलच्या मोबाइलवर धाडलेला तुझा नाच पाहिला. बारीक दिसतेस, तेवढं बरं. पण गुडघा मागे काहून वळते? मिनल म्हणाली, मशीनले माणसाचे सांधे समजत नाहीत. मी म्हटलं, आमच्या प्रेमिलालेही कधी समजले नाहीत. शाळेच्या गॅदरिंगमध्ये तू नाचता नाचता तबलेवाल्याच्या मांडीवर पडली होतीस.

सरळ सांगून टाक वं. नाच खोटा निघाला तर चालते, विहीण खोटी निघाली तर पोरीले जन्मभर ऐकावं लागते. तेही नसेल जमत तर पाय मुरगळला म्हण, पण लंगडताना पाय बदलू नको.

जिवाले जप.
तुझी ताई


रामदासपेठ, नागपूर
९ फेब्रुवारी २०२६

ति. इंदुताईस,
सविनय जयभीम. साक्षगंध पार पडलं.

आधी तुझं ऐकायची हिंमतच झाली नाही. गच्चीवर नाच शिकायले लागली. तिसऱ्या हातासाठी यांना मागे उभं केलं, तर यांचं घड्याळ माझ्या अंबाड्यात अडकलं. ते सोडवण्यातच सकाळ गेली.

शेवटी हॉलवर पोचल्याबरोबर सिंधूताईंले बाजूले नेलं अन् सगळं सांगितलं. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, की आता इलाज नाही, आम्ही तर शिकून बसलो. मले काही उमजेना. तेवढ्यात गाणं लागलं आणि कामठीच्या साऱ्या बाया उठल्या. प्रत्येकीमागे जाऊ नाहीतर नणंद लपलेली. पदराआडून तिसरे हात निघाले. गुडघा काही मागे वळेना, म्हणून बायाच उलट्या फिरल्या. नागपुरात अशीच नवी पद्धत आली असेल, असं समजून बिचाऱ्यांनी घाम गाळला होता.

मग मले मधे ओढलं. ताई, त्या हॉलमध्ये माझा नाच फक्त मलेच येत नव्हता. सिंधूताईंनी हात धरून पाऊल टाकायले शिकवलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला, तो पण टाचेसकट. त्या रागावल्या नाहीत. हळूहळू जमते, घाई काहून करता, एवढंच म्हणाल्या. मी रोशनीकडे पाहिलं. त्या घरात माझ्या पोरीचं कसं होईल, ही धास्ती तिथंच मिटली.

लग्नाले आधीच येऊन राहा. माया पातळ होऊ देऊ नको.

तुझी,
प्रेमिला