समोरची खुर्ची

९ नोव्हेंबर
प्रशिक्षण केंद्र, वरची खोली

प्रिय वहिनी,

नमस्कार. मी मजेत आहे. दादाला मात्र पत्र आल्याचं सांगू नका. "कॉलेज अर्ध्यात टाकून आता लोकांच्या कानातला मळ काढतोय का?" असं तो म्हणेल, आणि ते खोटंही नाही. मळ काढतो. वाहणारा कान कापसाच्या वातीने कोरडा करतो, दिव्याच्या नळीतून आतला पडदा बघतो. चांगला पडदा कांद्याच्या पापुद्र्यासारखा चमकतो. इथल्या डोंगरातल्या आदिवासी वस्त्यांत मात्र घरटी एखाद्या पोराचा कान वाहतो. लोकांना वाटतं, मोठं झालं की थांबेल. थांबत नाही. पडद्याला भोक पडतं, आणि पोरगं शाळेत मठ्ठ म्हणून मागच्या बाकावर जातं.

जेवण बरं आहे. भांडण एकदाच झालं. त्याचं पुढे लिहितो.

तुम्ही विचारलं होतंत, "भाऊजी, कुणी भेटली का?" भेटली. त्याच डोंगरातल्या एका वस्तीवरून आलेली. आमच्या तुकडीत तिथली बोली येणारी ती एकटीच. हात असा हलका, की रडणारं पोर तिच्या मांडीवर कान देऊन झोपतं. पहिल्या दिवसापासून माझ्याशेजारी बसायची आणि मी बोलायला लागलो की टक लावून बघत राहायची. वहिनी, माझं बोलणं सुरू झालं की आपल्या घरात दादा "भोंगा वाजला" म्हणतो आणि लोक उठून जातात. ही जवळ सरकायची! मी काय समजायचं ते समजलो. रोज दाढी करायला लागलो.

मग एके दुपारी तिने मला स्वयंपाकघरामागच्या पायरीवर बोलावलं. मी केस ओले करून गेलो. ती म्हणाली, "मला फार कमी ऐकू येतं. दोन्ही कानांनी. लहानपणी वाहायचे. मी ओठ बघते. तुझं तोंड मोठं उघडतं, म्हणून तुझ्याशेजारी बसते."

जन्मभर ज्या तोंडासाठी शिव्या खाल्ल्या, ते कुणाला तरी उपयोगी पडत होतं. मी मान खाली घालून विचारलं, "म्हणजे बाकी काही नाही?" मान खाली होती, त्यामुळे तिला दिसलं नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

तिला हवं होतं ते वेगळंच. तपासणीची पेटी हातात देण्याआधी आमचेही कान तपासतात. डॉक्टरीणबाई मागे उभ्या राहून हळूच शब्द म्हणतात, आपण तो परत म्हणायचा. "तू समोरच्या खुर्चीत बस," ती म्हणाली, "आणि आवाज न करता तो शब्द ओठांनी म्हण. मला पेटी मिळू दे. माझ्या वस्तीत दुसरं कुणी येत नाही."

आम्ही रोज सराव केला. मी मनाला येईल तो शब्द नुसत्या ओठांनी म्हणायचो, ती बिनचूक सांगायची. पाणी. दरवाजा. मांजर. एकदा मी "माकड" म्हणालो तर म्हणाली, "स्वतःचं नाव नको, शब्द सांग." शब्द मीच निवडत होतो, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तपासणीच्या दिवशी मी समोर बसलो. बाईंनी तिच्यामागे उभं राहून, वाकून, इतक्या हळू शब्द म्हटला, की मलाच तो ऐकू आला नाही. माझे कान ठणठणीत, पण मध्ये सगळी खोली होती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. अगदी भरवशाने. वहिनी, मी तोंड उघडलं, आणि त्यात काहीच नव्हतं.

दुसरा शब्द. तिसरा. तिने एकदा अंदाजाने "पाणी?" म्हटलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि दिव्याची नळी उचलली.

भांडण तेव्हाचं. मी खुर्ची लाथाडली. ओरडलो, "तिची बोली कोण बोलणार? तुम्ही?" बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तू ओरडून तिला ऐकू येणार आहे का? बाळाच्या मागे खुळखुळा वाजवून तपासायचं असतं; ते आवाज ऐकून वळलं की सावली बघून, हे तिला कसं कळणार? तिला मी मोठ्या दवाखान्यात पाठवते." तिथे शस्त्रक्रिया होते, पण रांग लांब आहे, आणि नंतर कितपत ऐकू येईल ते बाई सांगत नाहीत. मी विचारलं, तेव्हा त्या नळी पुसत राहिल्या.

तिच्या वस्तीवर आता मला पाठवताहेत. पेटी माझ्या खाटेखाली आहे. त्यांच्या बोलीतले मला तीनच शब्द येतात: ये, दुखतं, वाहतं. तेही तिनेच शिकवलेले.

काल ती सामान घेऊन फाटकाशी उभी होती. म्हणाली, "आधी माझ्या आईचे कान बघ. ती लाजेल, तू लाजू नकोस." मग म्हणाली, "त्या दिवशी पायरीवर मान खाली घालून काय म्हणालास?"

ऊन सरळ माझ्या तोंडावर होतं. तिला सगळं दिसत होतं.

"काही नाही," मी म्हणालो.

तिने शब्द बरोबर वाचला, मान हलवली आणि गाडीत चढली.

दादाला नमस्कार सांगितलात तरी चालेल आता.

तुमचा, सध्या बंद पडलेला,
भोंगा