ओझरहून यायचा मेल

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ४
ओझरला मुलगी बघून आलो. सायली. वय अठ्ठावीस, लॅबमध्ये नोकरी. माझं छत्तीस, बायोडेटात चौतीस. कोणाला कळत नाही असं आई म्हणते. वडील खंडेराव, विमानाच्या कारखान्यातून रिटायर. मध्यस्थ आपला बहिरूमामा. पोहे बरे. मीठ कमी.

आम्हा दोघांना गच्चीवर दहा मिनिटं बोलायला दिली. मी पंचवीस घेतली. कंपनीचा स्पॅम फिल्टर, म्हणजे नको ते मेल अडवणारं सॉफ्टवेअर, मी कसा सांभाळतो ते सांगितलं. रोज त्याची एक एक्सएमएल फाईल बनते, तिला लॉग म्हणायचं. प्रत्येक मेलची नोंद: कोणाकडून, कोणाला, संशयाचे मार्क किती, सोडला की अडवला. पाचच्या वर मार्क गेले की मेल बाहेर. ती मध्ये एक शब्द बोलली नाही. इतकं मन लावून कंपनीत आजवर कोणी ऐकलेलं नाही.

निघताना खंडेराव म्हणाले की विचार करून कळवतो. मी लगेच कार्ड दिलं. फोनचा काय भरवसा, ऑफिसच्या मेलवर कळवा म्हटलं. ते हसले, बरं म्हणाले, मेल करतो. म्हणजे होकारच. नकार द्यायचा असता तर कार्ड कशाला घेतलं असतं?

परत येताना मामा गाडीत गप्प. ॲसिडिटी असावी.

१० नोव्हेंबर, सोमवार
सिन्नरला कंपनीत पोचल्या पोचल्या लॉग उघडला. ३,११२ नोंदी. ओझर नाही. बरोबरच आहे. दुसऱ्याच दिवशी कळवलं तर मुलीकडचे उतावीळ दिसतात. घरंदाज लोक.

संकल्प: लॉग सकाळ-संध्याकाळ पूर्ण वाचायचा. एकही ओळ सोडायची नाही.

पर्चेसच्या छाया मॅडम आल्या. सप्लायरची कोटेशनं मिळत नाहीत म्हणे. बघितलं, फिल्टरने अडवलीत, सहा-सहा मार्क. मी म्हटलं, मग सप्लायरच संशयास्पद असणार. पटलं नाही. गाढवाला गुळाची चव काय!

१२ नोव्हेंबर, बुधवार
नाही.
आई म्हणाली दिंडोरीचं एक स्थळ आहे, बघून तर घे. एक होकार वाटेत असताना दुसरीकडे बघणं माझ्या तत्त्वात बसत नाही असं सुनावलं. ती काहीतरी बोलणार होती, मग कुकर बघायला गेली. कुकर लावलेलाच नव्हता.

जिम लावायची. लग्नाच्या आत पोट तीन इंच कमी. उद्यापासून.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
जिम नाही. बसने उशीर केला.

उलगडा झाला! मेल फिल्टरने अडवला. दुसरं काय असणार? अनोळखी पत्ता, सोबत पत्रिका, वर विषयात 'शुभ'. माझ्याच नियमांनी नऊ मार्क सहज. अभिमान वाटला. महिन्याभराच्या ९१,००० नोंदी धुंडाळल्या. 'विवाह' शोधलं तर ६१२ निघाले. माझ्या नावे एकही नाही, निम्मे आमच्या मॅनेजर संतोष साहेबांच्या नावे. साहेबांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झालीत.

मामाला फोन केला, खंडेरावांनी मेल नक्की कधी टाकला ते विचार म्हटलं. मामा म्हणाला, अरे, जरा समजून घे ना. मामाला टेक्निकल काही कळत नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.४०
लॉगमध्ये नोंदच नाही, म्हणजे फिल्टरने मेल दारातूनच हाकलला. नोंद करायलाही थांबला नाही. खंडेराव बिचारे पुन्हा पुन्हा पाठवत असतील.
निर्णय: मर्यादा पाचवरून पन्नास. काहीच अडायचं नाही. फक्त तो मेल येईपर्यंत. साहेबांना सांगितलं नाही. शुभकार्यात फाटे नकोत.

दुपारी
छाया मॅडमची सगळी कोटेशनं एकदम आली. त्यांनी आपणहून चहा पाजला. आठ वर्षांत पहिल्यांदा. लग्नाला बोलवावं का, विचार करतो.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
माणशी शंभर मेल. त्यातलं एक 'कोटेशन' छाया मॅडमनी उघडलं आणि पर्चेसचे चारही कंप्युटर व्हायरसने लॉक झाले. आठ वर्षांच्या ऑर्डरी गेल्या. बाई टेबलावर डोकं ठेवून रडत होत्या. मी शांतपणे समजावलं, अनोळखी फाईल उघडू नये असं गेल्या वर्षीच सर्क्युलर काढलं होतं. मिळालंच नाही म्हणाल्या. लॉग बघितला. फिल्टरने अडवलं होतं. सात मार्क.
ओझर नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. मर्यादा पन्नास कोणी केली? मी म्हटलं चौकशी करावी लागेल. लॉग उघड म्हणाले. बदल करणाऱ्याचं नाव लॉगमध्ये पडतं. ही सोय मीच सुरू केली होती. नाव माझं.

सर्व्हरचा पासवर्ड गेला, माझा मेलचा पत्ताही. काम बाहेरच्या एजन्सीला. मी उद्यापासून स्टोअरला, बेअरिंगच्या खोक्यांवर लेबलं लावायची. छाया मॅडमना मेमो. त्यावर साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. केली. फाईल त्यांनीच उघडली होती, खोटं कशाला बोला.

सगळ्यांना वाटतं माझं तोंड नोकरीपायी उतरलंय. मला काळजी वेगळीच. आता लॉग कोण वाचणार?

२३ नोव्हेंबर, रविवार. संध्याकाळी ७
शेवटी एकटाच ओझरला गेलो. इस्त्रीचा शर्ट. मेलचा जुना पत्ता बंद पडलाय, होकार नव्या पत्त्यावर पाठवा, एवढंच खंडेरावांना सांगायचं होतं.

त्यांनी बसवलं. म्हणाले, मेल केलाच नाही कधी. त्या दिवशी तुम्ही गाडीत बसायच्या आधीच मामांना बाजूला घेऊन नाही म्हणून सांगितलं होतं. मुलाच्या तोंडावर कोणी नाही म्हणतं का, कळवतो म्हणायची रीत आहे, सगळ्यांना कळतं.

तिथूनच आईला फोन लावला. तिला त्याच संध्याकाळी मामाने सांगितलं होतं. ती सांगणार होती. पण तू रोज एवढ्या हौसेने कामाला जायला लागलास, म्हटलं राहू दे आठ दिवस, असं म्हणाली. मग जेवायला येतोस ना, विचारलं.

तेवढ्यात सायली आतून पाणी घेऊन आली. माझ्याकडे नीट बघितलं. मी उठून उभा राहिलो. तिने वडिलांना विचारलं की वायफायवाले हेच का, सकाळपासून बंद आहे.

राउटर टीव्हीच्या मागे होता. वायर सैल झाली होती. बसवली. थँक्यू दादा म्हणाली.