खरखरीमागचे मास्तर

रविवार, ८ मार्च

ती. दाजी यांस,

नमस्कार. आम्ही सगळे बरे आहोत, तुमचा गुडघाही बरा असेल असं धरून चालतो. चार गल्ल्या ओलांडायच्या सोडून हा पत्र काय लिहितो, म्हणून हसाल. पण मी घरी आलो की आपण पाण्याची टाकी आणि वाढतं वीजबिल यांच्यापलीकडे जात नाही, आणि मला आज तिसऱ्याच विषयावर बोलायचंय. समोर बसून ते जमणार नाही. पत्र ताई तुमच्या चष्म्याशेजारी ठेवेल.

तर बातमी अशी, की मास्तर जिवंत आहेत.

ते गेल्याचंच तुम्हाला कळलं नसेल, कारण तुम्ही आपलं हौशी रेडिओवाल्यांचं मंडळ सोडलंत. म्हणून मुळापासून सांगतो. मागे एकदा आपापल्या सेटवरून आपल्या संध्याकाळच्या गप्पा चालू असताना रेडिओवर अचानक खरखर सुरू झाली. पत्र्यावर कोणी वाटाणे ओतत बसल्यासारखी. काटा कुठेही फिरवा, तीच. वस्तीतली माणसं त्यातूनही ऐकू यायची. पण धरणापलीकडच्या डोंगरात एकटे राहणारे आपले मास्तर मुळातच बारीक आवाजाचे, ते पार बुडाले. तिकडे फोन लागत नाही. आम्ही रोज हाका मारायचो, उत्तर नाही. त्यांचं वय तुम्हाला माहीत आहे. शेवटी दातवाल्या डॉक्टरांनी मन घट्ट करून रेडिओवरच शोकसभा घेतली. 'भूगोल शिकवावा तर मास्तरांनीच' असं ते बोलले. मीही बोललो.

सभा झाल्यावर मला वाटलं, आपण खरखर ऐकून माणूस मेला असं ठरवलंय, हे काही बरोबर नाही. मग तुम्ही मला दिलेला तो चामडी कव्हरचा जुना ट्रान्झिस्टर काढला. तुमचीच शिकवण: रेडिओ आडवा धरून सावकाश फिरवायचा, आणि त्याचं टोक उगमाकडे वळलं की आवाज पडतो.

डॉक्टर आणि मी गल्लोगल्ली हिंडलो. आधी संशय ब्यूटी पार्लरवर. डॉक्टर पांढऱ्या कोटातच आले होते, कानाला हेडफोन.

"काय शोधताय?" पार्लरवाल्या बाईंनी विचारलं.

"आवाज."

"कोणाचा?"

"कोणाचाच नाही. तोच तर त्रास आहे."

बाईंनी बिचाऱ्यांनी एका गिऱ्हाइकाचे केस अर्धे ओले ठेवून सगळी मशिनं बंद केली. खरखर चालूच. पुढे व्यायामशाळा झाली, झेरॉक्सवाला झाला. आणि मग एका फाटकापाशी, एका खिडकीकडे टोक करून रेडिओ गप्प झाला.

"हे तुमच्या दाजींचं घर," डॉक्टर म्हणाले.

"दिसतंय."

"मग जा ना आत."

"तुम्ही जा."

"मला त्यांनी उपटसुंभ म्हटलंय. तुम्ही नातेवाईक आहात."

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी कात्री मागायला आलो होतो, आठवतं? तुम्ही मागे झाडांना पाणी घालत होतात. मला कात्री नको होती. पिशवीत ट्रान्झिस्टर होता. तुम्हाला न विचारता मी तुमच्या झोपायच्या खोलीपर्यंत गेलो, त्याबद्दल जे बोलायचं ते बोला.

कपाटाजवळ रेडिओ नुसता किंचाळला. तिथे टेबलावर एक चार्जर होता आणि त्याला जोडलेली इवलीशी डबी. मागे ताई येऊन उभी राहिली.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"काही नाही. तुझ्या दाजींचा कान. ऐकायचं यंत्र."

मी डबी उचलून पाहिली.

"कोणाला सांगू नकोस. आधीचा चार्जर जळला, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून हा स्वस्तातला आणला."

"पण मग रात्री लावा की चार्जिंगला. नेमका आमच्या वेळेलाच का?"

"मीही तेच म्हणते. पण संध्याकाळ झाली की काढून ठेवतात. म्हणतात, आता ऐकण्यासारखं काही नसतं."

तिने प्लग काढला. खरखर गेली. लगेच डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी तो थेट सेटला लावला. पलीकडून मास्तर शांतपणे सांगत होते, "...आणि पुन्हा सांगतो, मी भूगोल नाही, गणित शिकवायचो."

त्यांना आपलं सगळं ऐकू येत होतं, दाजी. खरखर आपल्याकडे होती, त्यांच्याकडे नाही. रोज आम्ही विचारायचो, मास्तर आहात का, आणि रोज ते सांगायचे, आहे. शोकसभाही पूर्ण ऐकली. चांगली झाली, जरा लांबली, म्हणाले.

रात्री बाकीचे सेट बंद करून गेल्यावर मी त्यांना एवढंच सांगितलं, की मंडळ सोडलेल्या एका सद्गृहस्थांच्या चार्जरने घोळ केला. तर म्हणाले, "त्या सद्गृहस्थांना ऐकू कमी येतं ना? सोडून गेले त्याच्या आधी बरेच दिवस मी विचारायचो एक, ते सांगायचे दुसरं. कोणाला ऐकू आलं नाही हे मला जन्मभर चेहऱ्यावरून कळायचं, आता आवाजावरून कळतं. माझाही डावा कान गेलाय. मी बोभाटा केला नाही, एवढंच."

आम्ही समजत होतो, तुम्ही आमच्यावर चिडून गेलात. जाताना तुम्ही 'तुमच्यात दम नाही' म्हणालात, आणि आम्ही ते खरं मानून बसलो. डॉक्टर तर रोज व्यायाम करायला लागले.

मास्तरांचा निरोप आहे. शब्द निसटत असतील तर त्यांना मोर्सच्या टिंब-रेघांवर बोलवा, मी संथ पाठवीन. टिपेचा नको, खालचा सूर लावा, आणि स्पीकरवर तळवा ठेवा. कानाने सोडलं तर हाताला कळेल. ते स्वतः तसंच करतात म्हणे.

सोबत एक चार्जर पाठवतोय. जड आहे, दिसायला ओबडधोबड, पण खरखर करत नाही, मी तपासलाय. डॉक्टरांना मी काही सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं, चार्जर ताईच्या मोबाइलचा.

तुमचा सेट माळ्यावर आहे ना? उद्या दुपारी उतरवायला येतो. या वेळी पिशवी न घेता. नको असेल तर तसं तोंडावर सांगा, पण 'ऐकण्यासारखं काही नसतं' हे ताईला पुन्हा सांगू नका. तिने ते मला सांगताना पदर डोळ्याला लावला होता.

तुम्ही हाक मारायची वाट पाहणारा,
तुमचा मेहुणा