ओला बांबू आणि वायफायचा डबा

अप्पा,

तुम्ही गेलात तेव्हा आपल्या गुंद गावात वीजसुद्धा नव्हती, तेव्हा आधी वायफाय म्हणजे काय ते सांगते. तळहाताएवढा डबा. डोंगरापलीकडच्या टॉवरची हाक धरतो आणि घरभर वाटतो, खोलीखोलीत तार ओढायला नको! पण मोठा लहरी. पाऊस लागला की नरमतो, संध्याकाळी तर मुकाच.

गेल्या आषाढात नातीची मुलाखत ठरली, ह्या डब्यावरनंच, संध्याकाळी पाचला. काम मिळालं तर घरी बसून करणार, न्हाई तर बेळगावला जाणार. पोर गेली की घरात मी आणि मांजर. डब्याला ओल लागायला नको म्हणून मी तो लांब वायर लावून चुलीवरच्या दांडीला बांधला, वाळत घातलेल्या कांबळ्यांच्या मधी. नात आली. "आजी, हे काय गे?" "ऊब देते त्याला." "तो काय कोंबडीचं पिल्लू हाय?" हसली, आणि लगेच रडकुंडीला आली. "ओलं कापड, ओली पानं ह्या डब्याच्या लहरी गिळतात गं. त्यात संध्याकाळी सगळा गाव फोन घेऊन बसतो. झऱ्यावर एकदम सगळ्यांच्या घागरी लागल्या की कसं होतं, तसं."

'गिळतात' म्हणाली आणि मला तुम्हीच दिसलात. रानडुकरं हाकायला मचाणावर बसलाय, मी तुमची परकरातली लेक, भाकरी घेऊन बांबूच्या बेटातनं कुकारे घालतेय. तुम्ही खाली उतरून ओरडता, "बांबूला हाका मारतीस व्हय? ओला पाला आवाज गिळतो. उघड्या खडकावर उभी ऱ्हा. आणि सकाळी ये, रान गप असतंय तवा." शाळेची पायरी न चढलेला माणूस, दोन बोलांत सगळं सांगून मोकळा!

मी डबा सोडला आणि परसातल्या बांबूची बाजू टाळून डोंगराकडच्या उघड्या खिडकीत ठेवला. "वेळ सकाळची मागून घे," म्हटलं. तिनं घेतली. तासभर बोलली पोर, एकदाही तुटलं न्हाई. काम मिळालं. आता पडवीत बसून टकटक करते, मी चहा नेऊन देते.

"आजी, तुला कसं सुचलं?" तिनं विचारलं. मी पदर सारखा करून म्हटलं, "डोकं लागतं." तुमचं नाव घेतलं न्हाई, अप्पा. हे पत्र तुम्हाला पाठवायचं कुठं, आणि तिला वाचायला द्यायचा धीर मला अजून झालेला न्हाई.