परडीवरचं पाणी

मंगळवार, संध्याकाळ

अजून डोकं शांत होत नाही. परडीवर शिंपडलेलं ते पाणी डोळ्यांपुढून हलत नाही.

दुपारी युनूसभाई मळ्यात आले होते. दर्ग्याच्या चादरीसाठी वीस वर्षं आमचेच गुलाब नेतात. माझ्या दिरांनी, विलासभाऊजींनी, उगाच वाद काढला. "आमचा देव कणाकणात आहे. ह्या गुलाबातसुद्धा! तुमचा कुठंय?"

युनूसभाई हसून म्हणाले, "गुलाब अल्लानेच बनवला, भाऊ. पण बनवणारा वेगळा, बनवलेलं वेगळं. त्याच्यासारखं दुसरं काहीच नाही."

मला दोन्ही पटलं. एकाच वेळी दोन्ही कसं पटतं, देव जाणे.

जाताना त्यांनी चार चांगली फुलं निवडून आमच्या देवाच्या परडीत ठेवली. त्यांची गाडी दिसेनाशी झाली, तसं भाऊजींनी परडीवर पाणी शिंपडलं. शुद्ध करायला म्हणे! कणाकणात देव, आणि युनूसभाईंच्या बोटांत तेवढा नाही? तिथंच कसा संपला?

तोंडावर विचारायला हवं होतं. पण कुठल्या तोंडाने? भाऊजींनी हात पुढे केला, तेव्हा पाण्याचा तांब्या मीच दिला.