कप्तानांच्या बंदुकीचा स्क्रू

४ जून

चि. ठकूस,

अ. उ. आ. इकडे सर्व ठीक. बाबांचे गुडघे कुरकुरतात, तुझी वहिनी माझ्यावर कुरकुरते, म्हणजे नेहमीचंच.

पत्रास कारण की, कप्तान त्यांच्या आजोबांची दुनळी बंदूक घेऊन दुकानात आले. अक्रोडाच्या दस्त्याची, तू लहानपणी पाहिलेली. तिच्या उजव्या बाजूच्या पट्टीचा स्क्रू कुठेतरी गळून पडलाय. मला वाटलं, किरकोळ काम. अगं, कसलं काय! गाव पालथं घातलं. भंगारवाले झाले, घड्याळवाला झाला, शिलाई मशीनवाल्याचे डबे उपसून झाले. जाडी जुळली की आटे जुळत नाहीत, आटे जुळले की लांबी कमी. त्या काळी जो तो कारखाना आपल्या मनाचे आटे पाडायचा, आणि आता निस्तरायचं आम्ही.

परवा कप्तान बाबांना सहज बोलल्यासारखं म्हणाले की एवढं अडलंय तर मुलीकडे पाठवा, संग्रहालयात तिच्या हाताखालून असल्या कितीतरी बंदुका जातात. त्यावर बाबा काय म्हणाले असतील? ठकू असती तर एव्हाना झालं असतं, असं म्हणाले. गिऱ्हाइकासमोर! माझ्या अंगाची नुसती लाही लाही झाली. बाबांची नजर गेल्यापासून दुकान मी ओढतोय, त्यांना रोज खुर्चीत मी आणून बसवतो, आणि कौतुक कुणाचं, तर तुझं. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे. काम झालं की बाबा स्क्रूच्या डोक्यावरून अंगठा फिरवणार आणि ते म्हणतील तो निकाल. मला आजवर फार तर एखादा हुंकार मिळालाय. छान हा शब्द त्यांनी माझ्यासाठी कधी तोंडातून काढला नाही. या बंदुकीवर मी तो मिळवणार म्हणजे मिळवणार.

मी मदत मागत नाहीये, नीट ऐक. तुमच्या डब्यांत असला एखादा स्क्रू लोळत असेल तर पाठव, एवढंच. नसेल तर भोक मोठं करून आजकालचा स्क्रू ठोकतो नि मोकळा होतो.

तुझ्यावर जळतोय, तरी आशीर्वाद मनापासूनच देतोय.

दादा

११ जून

ती. दादास,

शि. सा. न. वि. वि. भोकाला हात लावशील तर खबरदार! एकदा ते आटे गेले की बंदूक नुसती भिंतीवर टांगायच्या लायकीची उरेल.

असला स्क्रू कुठल्या डब्यात सापडत नसतो रे, तो करावाच लागतो. डाव्या पट्टीचा स्क्रू काढून मला पाठव, दोन्हींचे आटे सारखेच असणार. त्यावरून मी नवा करते. डोक्यावर खाच मात्र पाडणार नाही, धरायला एक चौकोनी खुंटी ठेवीन. तिला धरून स्क्रू घट्ट आवळ, नळीच्या रेषेत खूण कर, मग खुंटी कापून खाच पाड. बंदूक समोर असल्याशिवाय ते कुणाच्या बापाला जमणार नाही, आपल्यासुद्धा.

आणि तू कसला जळतोस? जळायचं तर मी! बाबा तुझ्या डोळ्यांसमोर असतात. तुला ओरडतात, तुझ्यावर चिडतात. माझ्या वाट्याला दोन ओळी, त्याही वहिनीच्या अक्षरात. इथे माझ्या कामावर साहेब शेरा मारतात, अंगठा कुणी फिरवत नाही. घर सोडल्यापासून माझ्या हातचं एकही काम बाबांच्या हातात गेलेलं नाही. आणि तुला काय वाटतं, जाताना मी छानचं पोतं भरून नेलं? मलाही त्यांनी कधी म्हटलं नाही.

म्हणून एक कर. स्क्रू माझा आहे हे त्यांना आधी सांगू नकोस. अंगठा फिरवू देत, काय ते बोलू देत, मग सांग.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.

ठकू

२ जुलै

चि. ठकूस,

अ. उ. आ. स्क्रू असा बसला की काय सांगू! खाच मी पाडली, अगदी नळीच्या रेषेत. कप्तान समोर बसले होते. बाबांनी सावकाश अंगठा फिरवला आणि छान म्हणाले. वर माझा हात हातात घेतला. कप्तानांनी पाठ थोपटली.

तेव्हाच सांगायला हवं होतं, कळतंय मला. पण तोंडच उघडेना. तेव्हापासून बाबा येईल त्याला सांगतायत की थोरल्याने कमाल केली. रोज ठरवतो नि रोज उद्यावर ढकलतो. पण ठकू, थोडा तरी तो शब्द माझा नाही का? खाच तर माझीच आहे.

बंदूक साफसफाईसाठी अजून इथेच आहे. रागावलीस तरी चालेल, पण पत्र पाठव.

दादा

९ जुलै

दादास,

न. वि. वि. खाच तुझी! वा रे वा! ज्या शब्दासाठी मी रात्रीचा दिवस केला, तो तू आयता खिशात घातलास. पत्र वाचून कामाच्या टेबलाशीच रडले, सगळ्यांदेखत. या पत्राला उत्तर नको. बाबांना सांग, नाहीतर मी येऊन कप्तानांच्या समोर सांगते.

लोभ वगैरे आज लिहीत नाही.

ठकू

१६ जुलै

चि. ठकूस,

अ. आ. उत्तर नको म्हणालीस, म्हणून हे लिहीत नाहीत, मी लिहिते. तुझं पत्र वाचलं आणि भरल्या ताटावरून उठून हे थेट मामंजींच्या खुर्चीशी गेले. स्क्रू ठकूचा, माझी नुसती खाच, असं सांगून टाकलं. मी दारातच होते.

 मामंजी म्हणाले की त्यांना ना स्क्रू कळला, ना खाच. बोटं कधीची बधिर झाली आहेत. ठकू, मला हे माहीत होतं गं. हिवाळ्यात गरम पातेल्याला अंगठा लागून टरारून फोड आला, तरी त्यांना पत्ता नव्हता. कुणाला सांगू नकोस म्हणून शपथ घातली होती. तुम्ही दोघं एका शब्दावरून एकमेकांवर जळत होतात आणि मी तोंड दाबून बसले होते.

ह्यांनी विचारलं, मग छान का म्हणालात. तर म्हणाले, बोटं शाबूत होती तेव्हा चुका तेवढ्या हाताला लागायच्या, त्याच बोलून दाखवल्या. तुमची दोघांची कामं छानच असायची, ते म्हणायचं राहून गेलं. त्यावर हे लहान मुलासारखे रडले.

नंतर मामंजींनी मला बंदूक घेऊन बसवलं आणि स्क्रू कसा दिसतोय ते विचारलं. मला मेलीला त्यातलं काय कळतंय? दिसलं ते सांगितलं, की कडेला नख जाईल एवढीही फट नाही. ते त्यांनी माझ्याकडून पुन्हा पुन्हा वदवून घेतलं. आता म्हणतात, ठकू येऊन स्क्रू कसा बसलाय ते स्वतः सांगेपर्यंत बंदूक कप्तानांना द्यायची नाही. कप्तान दोनदा हात हलवत परत गेलेत. तेव्हा लवकर ये.

आणि आलीस की माझ्या हातचं जेवून मलाही एकदा छान म्हण. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून रांधतेय, अजून कुणी म्हटलेलं नाही.

वाट पाहणारी तुझी,
वहिनी