वावळावरची कौशल्या

वलगाव
१६ फेब्रुवारी १९५९

तीर्थस्वरूप गोवर्धनदादाच्या पायी धाकट्या मनकर्णाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

इकडे सारे खुशाल. तुझं पत्र नाही म्हणून मीच लिहून राहिली. सरकारी शेतकी फार्मावर पाऊस-वारा मोजता मोजता बहिणीचा विसर पडला का? पाऊस तर आता नाही, मंग तुमचा दादा दिवसभर मोजते तरी काय, असं आमचे हे विचारून हसत होते.

माझ्या छातीचं तुले मागं सांगितलं नव्हतं. गेल्या साली शिमग्याच्या आगंमागं महिनाभर दम लागला अन् आपोआप गेला. आता पुन्हा तेच. सकाळी अंगण झाडलं का शिंका, डोळ्यांले पाणी, अन् दुपारपर्यंत श्वास असा अडकते का भिंतीले धरून बसा लागते. सासूबाई म्हणतात, ही कौशल्या आहे. यांची पहिली बायको, माझी सवत. चार वर्षांमागं याच दिवसात दम लागून गेली. अंगणात वावळाचं मोठं झाड आहे, त्याच्यावर ती बसते म्हणतात. तिचा चांदीचा टाक, तिच्या नावाची मूर्त, माझ्या गळ्यात आहेच. नवं लुगडं आधी टाकाले दाखवून मंगच मी नेसते. तरी तिचं मन भरत नाही. म्हणून आता रोज सकाळी झाडाले पाच फेरे घालून तिची माफी मागते. फेरे घातले का दम जास्तच वाढते.

दादा, मले भेव लागते. ती पंचविशीतच गेली. अन् मले तिसरा महिना आहे, हे आईले सांगजो.

तुझीच,
मनकर्णा

अकोला
२१ फेब्रुवारी १९५९

चि. सौ. मनकर्णा हिस दादाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचून आईने दोनदा डोळे पुसले, एकदा आनंदाने आणि एकदा काळजीने. पंजाबरावांना सांग, पाऊस पडला नाही तरी वहीत शून्य लिहावे लागते आणि ते रोज वेळेवर लिहावे लागते. जावईबापूंना जमायचे नाही.

मी भुताखेतांचा जाणकार नाही. मला एकच येते, नोंद ठेवणे. तू असे कर. अंगणात काठीला चिंधी बांध. चिंधी कुठे उडते, आभाळ कसे, जमीन ओली की कोरडी आणि तुझा दम किती, हे रोज लिहून ठेव. कौशल्याबाई असतील तर वारा पाहून येणार नाहीत. जिवाला जप. आई मेथीचे लाडू करून राहिली आहे.

तुझा दादा,
गोवर्धन

वलगाव
७ मार्च १९५९

ती. दादास मनकर्णाचा नमस्कार.

सासूबाईंनी विचारलं, चिंधी काहाची? मी म्हटलं, दादानं व्रत सांगितलं आहे. आता त्याच रोज चिंधीले हळदीचं बोट लावतात. तू हसजो नोको.

आभाळ मोकळं, जमीन कोरडी अन् वारा झाडाकडून घराकडं, असे चार दिवस गेले. चारही दिवस दम. अठ्ठावीस तारखेले गारा पडल्या, चांगला पाऊस झाला. पुढचे दोन दिवस मी फेरे घातले तरी शिंकसुद्धा आली नाही. सासूबाई म्हणाल्या, कौशल्या थंडावली, अन् पुरणाचा निवद दाखवला. तिसऱ्या दिवशी ऊन तापलं, कोरडा वारा सुटला, तं असा दम लागला का नखं निळी पडली. हे घाबरून रडले. परवापासून वारा फिरला, चिंधी झाडापल्याडच्या शेजारीण तानुबाईच्या घराकडं उडून राहिली. मी बरी आहे, अन् तानुबाई शिंकून शिंकून बेजार. दादा, कौशल्या तिच्या मागं काहून लागन?

लवकर लिही. वाट पाहून राहिली.

मनकर्णा

अकोला
११ मार्च १९५९

चि. सौ. मनकर्णा हिस आशीर्वाद.

तुझी नोंद माझ्या वहीपेक्षा बरी. ती घेऊन मी इथल्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचली. वावळ पाने गाळून याच दिवसांत फुलतो. फूल बारीक, हिरवट, कोणाच्या नजरेत भरत नाही. त्याला माशी-भुंगा लागत नाही, त्याचे काम वारा करतो, म्हणून ते पिठासारखे पराग उधळत बसते. हवा कोरडी आणि तापलेली असली की ते दूरवर जातात. पाऊस आला की खाली बसतात, ऊन पडले की फुले पुन्हा सुरू. बहुतेकांना काही होत नाही. एखाद्याच्या छातीला मात्र ते सोसत नाहीत.

फेरे आजच बंद कर. होळीच्या लाकडांसाठी शिमग्याची वाट न पाहता झाड तोडा. अशा दम्यात पुढची वेळ सांगता येत नाही, आणि आता तू एकटी नाहीस. हे पत्र पंजाबरावांनी सर्वांदेखत वाचावे. कौशल्याबाईही या झाडानेच गेल्या असाव्यात, असे डॉक्टरांचे मत आहे.

गोवर्धन

वलगाव
१६ मार्च १९५९

ती. दादास मनकर्णाचा नमस्कार.

यांनी पत्र ओसरीवर मोठ्यानं वाचलं. सासूबाईंनी कौशल्याचं तेवढं पुन्हा वाचाले लावलं. मंग उठून आत गेल्या. दोन दिवस त्यांच्या पोटात अन्न नाही.

यांनी मले आता सांगितलं. कौशल्याले दम लागे, अन् घरात चुलीचा धूर. म्हणून सासूबाईंनी तिची बाज झाडाखाली टाकली होती, मोकळी हवा लागन म्हणून. नऊ दिवस ती तिथंच. सासूबाई जवळ बसून पंख्यानं वारा घालत. दहाव्या दिवशी ती गेली. काल त्या मले म्हणाल्या का मी तिले वारा घालत होती. तेवढंच म्हणाल्या. मले फार वाईट वाटलं, दादा.

झाड तोडाले त्या तयार आहेत, ती काळजी करू नोको. पण बाई वाळून चालली. तू जन्मात खोटी नोंद केली नाही हे मले माहीत आहे. माझ्यासाठी एक कर. त्यांच्या नावानं लिही का कौशल्या दुसऱ्याच दुखण्यानं गेली.

मनकर्णा

अकोला
२० मार्च १९५९

मातोश्रीसमान पार्बताबाईंच्या पायी गोवर्धनचा दंडवत.

मागच्या पत्रात मी घाईने एक चूक लिहिली, तिची माफी असावी. डॉक्टरांना पुन्हा भेटलो. सारे ऐकून ते म्हणाले, कौशल्याबाईंचे दुखणे काळजाचे होते, झाडाचा त्यात संबंध नाही. शिवाय मी जुनी वही काढून पाहिली. त्या वर्षी त्या दिवसांत पावसाची नोंद आहे. ओल्या हवेत पराग उडत नाहीत. आपण केले ते कोणत्याही आईने केले असते.

झाड मनकर्णासाठी तेवढे तोडावे. आपली माया आम्हा भावंडांवर राहू द्यावी.

आपला,
गोवर्धन

वलगाव
२९ मार्च १९५९

गोवर्धनराव पाव्हण्याले पार्बताबाईचा आशीर्वाद.

लिहिणार रामराव मास्तर, सांगणार मी. मास्तरले शपथ घातली आहे, ते बोलणार नाहीत.

झाड सोमवारी तोडलं. सुनबाईचा श्वास चांगला चालून राहिला. बाळंतपणाले तिले अकोल्याले धाडतो.

तुमच्या वहीत त्या वर्षी पाऊस आहे म्हणता. असन अकोल्याले. वलगावले त्या नऊ दिवसात थेंब पडला नाही. मी देवाले पाऊस मागत होती, गारवा झाला तं पोरीले बरं वाटन म्हणून. म्हणून मले पक्की याद आहे. तुमी माझ्यासाठी खोटं लिहिलं, तुमचं भलं होवो. मनकर्णाले सांगजा नोका का मले कळलं. मी विसरली असं तिले वाटते, अन् ती आता दोन घास सुखानं जेवते.

घरात कोणाले सांगता येत नाही ते तुमाले सांगते. चार वर्षं मी त्या गरिबाले भूत म्हटलं. सुनेले तिची माफी मागाले लावली, अन् खरी माफी तं मले मागाची होती. त्या दिवसात कौशल्या माझं मनगट धरे, आत्याबाई वारा पुरे करा म्हणे. मले वाटे, माझा हात दुखन म्हणून म्हणते. मी अजून जोरानं घालो.

आता दुपारी ओसरीवर पडली का ती येते. बोलत नाही. नुसतं मनगट धरते.

आईले नमस्कार सांगा. लोभ कमी करू नोका.

पार्बताबाई